पहारा कुठे ठेवायचा?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या हिवाळ्यात आमच्या फुलंब्री तालुक्यात घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे महसुलाचे जुने कागद उर्दूत, त्याहून जुने मोडीत, आणि वाचणारे दोन्हीकडे विरळ. १९५४-५५ चा खासरा, पाहणी पत्रके, वाटणीपत्रे, सावकाराच्या पावत्या असे कागद कापडात गुंडाळून लोक आणू लागले. आम्ही चार-पाच जणांनी हौसेने ते स्कॅन करून ठेवायला सुरुवात केली. वाचणारा भेटला की त्याला दाखवता यावेत, मूळ कागद पुन्हा पुन्हा हाताळावे लागू नयेत, एवढाच हेतू होता. मी पोटापाण्यासाठी संगणकाचे काम करतो. तेव्हा या संग्रहासाठी एक छोटे संकेतस्थळ बांधण्याचे काम माझ्याकडे आले.

मी ते बांधले. आत जाण्यासाठी नाव आणि पासवर्ड लागत असे. प्रत्येक कुटुंबाला फक्त आपलेच कागद दिसावेत अशी सोय होती. सगळे नीट चालले आहे असे मी मानून चाललो होतो.

तीन महिन्यांनी शेजारच्या गावातल्या एक आजी मुलाला घेऊन घरी आल्या. त्यांचे वाटणीपत्र आमच्याकडे होते. त्यातला हिश्श्यांचा मजकूर पुण्यातल्या एका दूरच्या नातलगाने लग्नात चारचौघांत बोलून दाखवला होता. तो नातलग आमच्या यादीत नव्हता, त्याच्याकडे पासवर्डही नव्हता. आजींच्या पुतण्याने कुणाला तरी दाखवायचे म्हणून मोबाइलवरून त्या चित्राचा पत्ता पुढे पाठवला होता आणि तो पत्ता उघडताच कागद समोर आला होता. पासवर्ड कुणी विचारलाच नव्हता.

मी त्यांच्यासमोर माझ्या फोनवर, नाव-पासवर्ड न देता, तोच पत्ता उघडून पाहिला. कागद दिसला. पत्त्याच्या शेवटी चित्राचा क्रमांक होता, तो एकाने वाढवला. पुढच्या कुटुंबाचा कागद दिसला.

ही चूक कशी झाली, ती कशी दुरुस्त होते, आणि दुरुस्त करताना ओळख पटवणे म्हणजे नेमके काय हे मला नव्याने कसे शिकावे लागले, ते या लेखात सांगायचे आहे. आपण सगळेच आता आपले कागद, छायाचित्रे, औषधांच्या चिठ्ठ्या कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळाच्या हवाली करत असतो. म्हणून हा विषय केवळ माझ्या व्यवसायाचा राहिलेला नाही.

दोघेजण, एक पान

संकेतस्थळ उघडणाऱ्याला समोर एकच पान दिसते, पण ते पान बहुधा दोघांनी मिळून दिलेले असते. पहिला वेब सर्व्हर. हा सतत जागा असलेला कार्यक्रम. त्याचे काम पोस्टमनसारखे: कुणी कोणता पत्ता मागितला ते पाहायचे आणि त्या पत्त्यावरची वस्तू आणून द्यायची. मी वापरला तो अपाची. तो १९९५ पासून चालत आलेला, मोफत आणि सर्वांसाठी खुला आहे.

दुसरा म्हणजे अनुप्रयोग, अर्थात आपण लिहिलेला कार्यक्रम. तो आकाशातून पडत नाही. नेहमी लागणारी कामे, म्हणजे डेटाबेसशी बोलणे, अर्ज भरून घेणे, सभासदांची यादी ठेवणे, आधीच करून ठेवलेला एक सांगाडा असतो, त्यावर आपण आपले घर उभे करतो. मी घेतलेला सांगाडा जँगो. त्याची जन्मकथा साहित्याच्या वाचकांना आवडावी अशी आहे. २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे काम करत होते. बातमीदारीच्या घाईत, आज सांगितले की उद्या हवे, अशा मुदतीत संकेतस्थळे उभी करावी लागत. त्या घाईतून हा सांगाडा तयार झाला आणि २००५ च्या जुलैत सर्वांना खुला केला गेला. त्याला नाव दिले ते जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचे. आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावर उरलेल्या बोटांनी त्याने आपली वादनशैली घडवली होती.

वेब सर्व्हर आणि पायथन भाषेतला अनुप्रयोग यांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलावे, याचा एक करार २००३ साली लिहिला गेला. त्याला डब्ल्यूएसजीआय म्हणतात. ग्रॅहम डम्पल्टन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००७ साली अपाचीसाठी त्याची जोडणी तयार केली. तिचे नाव मॉड-डब्ल्यूएसजीआय. सर्व्हर मागणी घेतो, या जोडणीतून अनुप्रयोगाला देतो, आणि अनुप्रयोगाचे उत्तर परत वाचकाकडे नेतो.

इथे एक बारकावा आहे आणि माझी चूक त्याच बारकाव्यात होती. प्रत्येक मागणी अनुप्रयोगापर्यंत नेली तर काम मंदावते. चित्रे, अक्षररूपे, सजावटीच्या फायली या गोष्टींसाठी विचार करावा लागत नाही, त्या नुसत्या उचलून द्यायच्या असतात. म्हणून रीत अशी, की फायलींचे कपाट सर्व्हरला दाखवून ठेवायचे आणि सांगायचे, "या पत्त्याच्या मागण्या आलास की तू परस्पर दे, आत विचारू नकोस." मीही तसेच केले. फक्त त्या कपाटात सजावटीच्या चित्रांबरोबर लोकांचे वाटणीपत्रही होते.

शहरातल्या जुन्या दरवाजांचे आता असेच झाले आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास तिला तटबंदी केली, आणि बावन्न दरवाजांचे शहर अशी तिची ख्याती झाली. आज काही दरवाजे भक्कम उभे आहेत, पण त्यांच्या बाजूचा तट केव्हाच गेला. कमानीत पहारा बसवला तरी वाहने बाजूच्या रस्त्याने जातील. माझा पासवर्डाचा दरवाजा तसा होता. दरवाजात काहीच खोट नव्हती, पण शेजारी भिंत नव्हती.

मोडी म्हणजे गुप्त लिपी नव्हे

त्या संध्याकाळी मला सुचलेला पहिला उपाय सर्वांत जुना होता: सर्व्हरनेच पासवर्ड विचारायचा. ही सोय वेबच्या बालपणापासून आहे. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक यांनी १९९६ च्या मेमध्ये वेबच्या संभाषणाचे नियम लिहून प्रसिद्ध केले, त्यात ती आहे. नाव 'बेसिक', म्हणजे प्राथमिक.

ती चालते अशी. वाचक एखादा पत्ता मागतो. सर्व्हर उत्तरादाखल ४०१ हा क्रमांक पाठवतो आणि सोबत सांगतो, की हा अमुक नावाचा विभाग आहे, इथे ओळख लागते. ब्राउझर एक छोटी चौकट उघडून नाव आणि पासवर्ड मागतो. मग तीच मागणी पुन्हा जाते, या वेळी नाव आणि पासवर्ड सोबत जोडून. पटले तर वस्तू मिळते. ओळख पटली, पण या माणसाला ही वस्तू पाहण्याची परवानगीच नाही, असे असेल तर ४०३ क्रमांक येतो.

या दोन क्रमांकांतला फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. ओळख पटणे ही एक गोष्ट, अधिकार असणे ही दुसरी. तलाठी मला ओळखतो म्हणून शेजाऱ्याच्या फेरफारावर माझी सही चालत नाही. गंमत अशी, की ४०१ या क्रमांकाला इंग्रजीत दिलेल्या नावाचा अर्थ 'अधिकार नाही' असा होतो, प्रत्यक्षात त्याचे म्हणणे असते 'तुमची ओळख पटलेली नाही'. नामकरणातली ही गफलत आजवर तशीच चालत आली आहे.

नाव आणि पासवर्ड जोडून पाठवतात म्हणजे काय करतात? दोन्हींच्या मध्ये विसर्गासारखे चिन्ह घालून एक शब्दमाला करतात आणि बेस-चौसष्ट नावाच्या रीतीने ती लिहून पाठवतात. दर तीन बाइटांची चार अक्षरे, आणि अक्षरे निवडायची ती चौसष्ट ठरावीक चिन्हांतून. लिहिलेले पाहिले तर काहीच बोध होत नाही, आणि पुष्कळांचा समज होतो की हे सांकेतिक आहे. तसे ते नाही. मोडी न येणाऱ्याला मोडी कागद गूढ वाटतो, येणारा तो झरझर वाचतो. मोडी ही लिपी आहे, कुलूप नाही. बेस-चौसष्टही तसेच. वाटेत कुणी मागणी पाहिली तर पासवर्ड क्षणात वाचता येतो. म्हणून ही पद्धत वापरायची ती संपूर्ण संभाषणच खऱ्या अर्थाने गुप्त करणाऱ्या वाहिनीतून, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तरच. सुदैवाने २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेच्या उपक्रमामुळे त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट मिळते. आमच्या संकेतस्थळावर ते होते. माझ्या हातून सुटले नाही असे तेवढे एक होते.

मराठी वाचकांसाठी आणखी एक बारीक गोष्ट. मूळ नियमांत पासवर्ड कोणत्या अक्षरसंचात लिहायचा हे स्पष्ट नव्हते, कारण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोमन अक्षरे होती. २०१५ साली नियम सुधारून लिहिले गेले तेव्हा सर्व्हरला 'मी युनिकोडमधली अक्षरे स्वीकारतो' असे सांगण्याची सोय झाली. म्हणजे देवनागरीतला पासवर्ड त्या चौकटीत नियमाने बसायला १९९६ पासून १९ वर्षे लागली.

दोन वह्या

सर्व्हरने पासवर्ड विचारायचा तर त्याच्याकडे यादी हवी. अपाचीची नेहमीची रीत म्हणजे एका साध्या फायलीत नावे आणि पासवर्डांचे ठसे ठेवणे. ते करायला पाच मिनिटे पुरतात. पण सभासदांची यादी माझ्या अनुप्रयोगाच्या डेटाबेसमध्ये आधीच होती. आता दुसरी वही झाली असती. कुणी अनुप्रयोगात पासवर्ड बदलला तर दारावर जुनाच चालेल. कुणाचे नाव आतल्या यादीतून काढले तर दारावरच्या यादीत ते राहून जाईल. ज्याने कधी दोन ठिकाणी एकच हिशेब ठेवला आहे, त्याला हा अनुभव वेगळा सांगायला नको. दोन वह्या पहिल्या महिन्यात जुळतात, सहाव्या महिन्यात जुळत नाहीत, आणि खरी कोणती हे वर्षाने कुणालाच सांगता येत नाही.

यावर उत्तर आहे. मॉड-डब्ल्यूएसजीआयमध्ये सर्व्हरला असे सांगता येते, की पासवर्ड तूच विचार, पण खरा की खोटा हे ठरवण्यासाठी माझ्या पायथन फायलीतले एक फलन बोलाव. जँगोने असे फलन तयारच ठेवले आहे. मांडणीच्या फायलीत पाच ओळी लिहायच्या असतात. पहिलीत पद्धत: बेसिक. दुसरीत विभागाचे नाव, जे त्या चौकटीत दिसते. तिसरीत सांगायचे, की तपासणी डब्ल्यूएसजीआयकडे सोपवली आहे, आणि चौथीत, की तिची फाइल अमुक ठिकाणी आहे. पाचवीत अट: ओळख पटलेला कुणीही चालेल. हव्या तर त्यापुढे गटाचीही अट घालता येते.

त्या फलनाची तीन उत्तरे मला फार आवडली. 'हो', म्हणजे पासवर्ड बरोबर. 'नाही', म्हणजे माणूस आहे पण पासवर्ड चुकला. आणि तिसरे, 'असा माणूस मला ठाऊक नाही'. ज्याचे खाते बंद केले आहे त्याच्याबाबतही हे तिसरेच उत्तर येते. नकार आणि अज्ञान यांत फरक करणारी यंत्रे थोडी असतात. अर्थात दारावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला हा फरक कळता कामा नये. कळला तर गावात कोण कोण राहते याची यादी तो नुसते दार वाजवून करू शकेल. म्हणून त्याला दोन्ही वेळा तेच ४०१ मिळते. उत्तराला लागणारा वेळही दोन्हीकडे सारखा असावा लागतो. अनोळखी नावाला चटकन नकार आणि ओळखीच्या नावाला विचार करून नकार मिळाला, तर त्या विलंबातूनच भेद फुटतो.

दहा लाख फेऱ्या

विलंबाचा विषय निघाला, तर पासवर्ड तपासायला वेळ का लागतो तेही सांगायला हवे.

संगणकावर पासवर्ड आले ते १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतल्या एमआयटीत. फर्नांडो कोर्बाटो यांच्या पुढाकाराने एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था तिथे उभी राहिली, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखायला पासवर्ड लागले. ते जसेच्या तसे एका फायलीत लिहिलेले होते. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा वेळ पुरेना, तेव्हा त्याने ती फाइलच छापून घेतली. म्हणजे पासवर्ड आले आणि पाठोपाठ पासवर्डांची चोरीही आली.

त्यातून घेतलेला धडा १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी एका निबंधात मांडला. पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा ठसा साठवायचा. गव्हाचे पीठ करता येते, पिठाचा गहू करता येत नाही; तशी ही एकेरी प्रक्रिया. माणसाने पासवर्ड दिला की पुन्हा तेच दळण करायचे आणि पीठ जुळते का पाहायचे. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून प्रत्येकाच्या दळणात चिमूटभर वेगळे मीठ टाकायचे. त्याला मीठच म्हणतात. आणि दळण मुद्दाम सावकाश करायचे, म्हणजे यादी चोरणाऱ्याला एकेक शब्द घालून पाहणे परवडू नये. त्या काळच्या युनिक्समध्ये ही प्रक्रिया पंचवीस वेळा फिरवत. यंत्रे वेगवान होत गेली तशा फेऱ्या वाढत गेल्या. जँगोच्या ४.२ या आवृत्तीत त्या सहा लाख झाल्या, ५.२ मध्ये दहा लाख.

आता माझ्या उपायातली अडचण वाचकांच्या लक्षात येईल. बेसिक पद्धतीत 'मघाशी ओळख पटली होती' हे सर्व्हर लक्षात ठेवत नाही. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर नाव-पासवर्ड पाठवतो, आणि प्रत्येक मागणीला नव्याने तपासणी होते. एका पानावर वीस कागदांची लहान चित्रे असतील तर पासवर्डाचे दळण वीस वेळा, प्रत्येक वेळी लाखो फेऱ्यांचे. आम्ही महिन्याच्या भाड्याने घेतलेले यंत्र लहान. पान उघडायला इतका वेळ लागू लागला की लोक फोन करून विचारू लागले, "बंद पडलंय का?"

जँगोची स्वतःची पद्धत वेगळी आहे. पासवर्ड एकदाच तपासायचा आणि मग एक टोकन द्यायचे, ज्याला कुकी म्हणतात. पुढच्या मागण्यांना टोकन दाखवले की पुरते. ते नेहमीच्या मांडणीत दोन आठवडे चालते आणि 'बाहेर पडा' म्हटले की रद्द होते. बेसिक पद्धतीत बाहेर पडण्याची रीतसर सोयच नाही. ब्राउझर बंद होईपर्यंत तो पासवर्ड धरून बसतो. ज्या गावात एक संगणक पाचजण वापरतात, तिथे ही लहान उणीव नव्हे.

शिफारस कुणाची मानायची?

उलट दिशेनेही जाता येते. सर्व्हरने ओळख पटवायची आणि अनुप्रयोगाला फक्त नाव कळवायचे: 'हे अमुक, मी पाहून घेतले आहे.' हे नाव रिमोट-यूजर नावाच्या कप्प्यातून आत येते आणि जँगो पुन्हा पासवर्ड न विचारता ते मान्य करतो. मोठ्या कार्यालयांत, विद्यापीठांत, जिथे सगळ्यांची ओळख एकाच ठिकाणी राखली जाते, तिथे ही पद्धत सोयीची पडते.

पण इथे सगळा भार विश्वासावर आहे. कप्प्यातले नाव खरोखर सर्व्हरनेच लिहिले असेल तर ठीक. अपाचीच्या आत ते तसे असते, कारण वाचकाने स्वतः पाठवलेल्या सूचना वेगळ्या खुणेने आत येतात, त्या या कप्प्यात शिरू शकत नाहीत. मात्र मध्ये दुसरा सर्व्हर असेल आणि नाव मागणीबरोबरच्या सूचनांतून पुढे दिले जात असेल, तर बाहेरच्या माणसाने तशीच सूचना स्वतः लिहून पाठवली तर काय? मधल्याने ती आधी पुसून टाकली नाही, तर जो कुणी आपले नाव सांगेल तो तोच ठरेल. आणखी एक गोष्ट: या मार्गाने अनोळखी नाव आले तर जँगो नेहमीच्या मांडणीत त्याचे नवे खाते उघडून मोकळा होतो. नको असेल तर ते आठवणीने बंद करावे लागते.

शिवकालीन पत्रांवर वर मुद्रा असे आणि मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा. पहिलीने पत्र कुणाचे ते कळे, दुसरीने मजकूर कुठे संपला ते, म्हणजे पुढे कुणाला ओळ वाढवता येऊ नये. पत्र आणणाऱ्याच्या बोलण्यावर काही अवलंबून नसे. आजचा डिजिटल सहीचा सातबारा त्याच जातीचा. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात तो मिळू लागला, आणि आज पंधरा रुपये भरून तो कुणीही घरबसल्या काढू शकतो. तिथे कागदाची ओळख पटवली जाते, कागद आणणाऱ्याची नाही. सातबारा सार्वजनिक आहे म्हणून ते योग्यच आहे. आजींचे वाटणीपत्र सार्वजनिक नव्हते. तिथे कागद खरा आहे का हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, पाहणारा कोण, आणि हा कागद त्याचा आहे का.

दार आणि दप्तर

या शेवटच्या प्रश्नाने मला माझ्या पहिल्या उपायातला खरा दोष दाखवला. दारावर पहारा बसवून परका माणूस थांबला होता. पण यादीतला कुणीही सभासद आत आला की चित्राचा क्रमांक बदलून शेजाऱ्याचा कागद पाहू शकत होता. सर्व्हरला माणूस कळत होता, कागद कुणाचा ते कळत नव्हते. ते फक्त अनुप्रयोगाच्या डेटाबेसला ठाऊक होते.

म्हणून मी अखेर तिसरी रीत धरली. फायलींचे कपाट सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यांतून काढूनच टाकले. आता कागदाची प्रत्येक मागणी आधी अनुप्रयोगाकडे जाते. तो टोकन पाहतो, माणूस ओळखतो, कागद त्या कुटुंबाचा आहे का ते तपासतो, आणि मग स्वतः फाइल न देता सर्व्हरला चिठ्ठी लिहितो: 'याला अमुक फाइल दे.' सर्व्हर ती चिठ्ठी वाचकाला दाखवत नाही, फाइल देतो. अपाचीत त्यासाठी एक्स-सेंडफाइल नावाची जोड मिळते, एन्जिनएक्स या दुसऱ्या लोकप्रिय सर्व्हरमध्ये तीच सोय वेगळ्या नावाने आहे. निर्णय दप्तर जाणणाऱ्याचा, हमाली सर्व्हरची. पासवर्डाचे दळण एकदाच होते, त्यामुळे पानेही पूर्ववत लवकर उघडू लागली.

सर्व्हरचा पहारा मी सगळा उठवला नाही. संग्रहाची व्यवस्था पाहणारे आम्ही चार-पाच जण जिथून काम करतो त्या विभागावर तो अजून आहे. तिथे माणसे थोडी, चित्रे नाहीत, आणि सगळ्यांना सारखाच अधिकार. अशा जागी दारावरची ओळख पुरते. जिथे कुणाचे काय हा प्रश्न येतो, तिथे ती पुरत नाही.

हे सगळे झाल्यावर मी आजींकडे गेलो. जे झाले ते माझ्या चुकीने झाले हे सांगितले, आणि आता काय केले तेही, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "ते झालं बाबा. पण मधल्या तीन महिन्यांत माझा कागद कोणी कोणी पाह्यला, ते तुला सांगता येईल का?"

सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो. एका ओळीत मागणी कोणत्या यंत्राकडून आली तो आकडी पत्ता, वेळ, काय मागितले, काय दिले. त्या ओळीत तिसरी जागा नावाची असते. सर्व्हरने ओळख पटवली असेल तर तिथे नाव येते, नसेल तर एक आडवी रेघ. मी घरी येऊन त्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. आजींच्या कागदासमोर सत्तेचाळीस ओळी होत्या, आणि सत्तेचाळीसही ओळींत नावाच्या जागी रेघ.

नव्या व्यवस्थेतही सर्व्हरच्या नोंदीत रेघच येते, कारण ओळख आत पटते, दारावर नाही. म्हणून अनुप्रयोगाने स्वतःची वही ठेवावी असे मी केले आहे: कुणी, कोणता कागद, केव्हा. ती वही त्या त्या कुटुंबाला उघडून पाहता येते. आजींचा मुलगा महिन्यातून एकदा ती पाहतो आणि आईला वाचून दाखवतो. मागच्या सत्तेचाळीस रेघांची नावे मात्र मला त्यांना देता आली नाहीत.